उतरलेले सेल आणि चारशे व्होल्ट

साध्या, घरी जोडलेल्या गायगर काउंटरचे सेल उतरत आले की तो बंद पडतोच असं नाही. टकटक चालू राहते, पडद्यावर आकडाही दिसतो, फक्त तो आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. टॉर्चचे सेल उतरले तर उजेड मंद होतो आणि ते डोळ्यांना कळतं. किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र चुकलं तर कळायला आपल्याकडे दुसरं इंद्रिय नाही, आणि हे यंत्र चुकतं ते नेमकं धोका कमी दाखवण्याच्या बाजूने. म्हणून भाच्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधला हा दोष मी मुळापर्यंत शोधायचा ठरवला. नुसते 'नवीन सेल घाला' असं सांगून तो सुटणारा नव्हता.

असं का होतं ते किरणोत्सर्गाचे कण टिपणाऱ्या नळीत दडलेलं आहे. प्रोजेक्टमध्ये वापरली होती रशियन एसबीएम-२०, हौशी लोकांमध्ये सगळ्यात चालणारी नळी. तिला ४०० व्होल्ट द्यायचे असतात. साधारण ३५० ते ४७५ व्होल्टच्या पट्ट्यात ती जवळजवळ सारखंच मोजते, आणि हाच सपाट पट्टा तिचा खरा गुण. पण ती मोजायला सुरुवात करते २६० ते ३२० व्होल्टच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे २९० व्होल्टवर नळी जिवंत असते, अधूनमधून टक् करते, आणि बरेचसे कण मोजल्याशिवाय जाऊ देते. वापरणाऱ्याला वाटतं, इथे सगळं ठीक आहे.

भाच्याची तक्रार अशी होती : "मामा, बेंच सप्लायवर ५ व्होल्टला बरोबर चारशे येतात. दोन पेन्सिल सेल लावले की दोनशेसुद्धा धड येत नाहीत. ट्रान्सफॉर्मर गेला असेल का?" बेंच सप्लाय म्हणजे हवे तेवढे व्होल्ट देणारा टेबलावरचा सप्लाय.

माझी उमेदीची वर्षं टीव्ही दुरुस्तीत गेली. तेव्हाच्या टीव्हीत पिक्चर ट्यूबला लागणारे हजारो व्होल्ट याच तत्त्वावर तयार व्हायचे. सेकंदाला १५,६२५ वेळा लाइन ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या गुंडाळीतून, म्हणजे प्रायमरीतून, करंट चढवायचा आणि झटक्यात तोडायचा, की साठलेली ऊर्जा दुसऱ्या गुंडाळीतून, म्हणजे सेकंडरीतून, मोठ्या व्होल्टेजने बाहेर पडते. या पद्धतीला फ्लायबॅक म्हणतात. आम्ही त्या हाय व्होल्टेजला ईएचटी (एक्स्ट्रा हाय टेन्शन) म्हणायचो, आणि पडदा काळा झाला की गिऱ्हाईक, शेजारी, नवा कारागीर, सगळे पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवायचे. हाय व्होल्टेज आलं नाही म्हणजे बिघाड हाय व्होल्टेजच्या बाजूला, हा विचार मनात फार पटकन येतो. सप्लाय ५ व्होल्टवर चांगला आणि २.४ व्होल्टवर वाईट चालत असेल, तर मात्र सेकंडरी आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जवळजवळ निर्दोष धरावेत. डायोड यूएफ४००७ होता, हजार व्होल्टचा आणि वेगवान. साधा १एन४००७ असता तर आधी तो बदलला असता, कारण तो बंद व्हायला वेळ घेतो आणि तेवढ्यात मिळालेली ऊर्जा उलटी निघून जाते.

सर्किट साधं होतं. एटमेगा३२८ मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी चिप, ४ मेगाहर्ट्झवर. तोच नळीचे पल्स मोजणार आणि तोच मॉस्फेटला, म्हणजे प्रायमरीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, उघडझाप करायला लावणार (उघडा म्हणजे करंट वाहतो). जुन्या मोबाइल चार्जरमधून काढलेला ईई१६ कोअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा गाभा, त्यावर प्रायमरीचे १० आणि सेकंडरीचे २०० वेढे. प्रायमरीचा इंडक्टन्स, म्हणजे करंट चढण्याला तिचा होणारा विरोध, मोजला तर २० मायक्रोहेन्री. मॉस्फेट दर वेळी ५ मायक्रोसेकंद उघडा, सेकंदाला २००० वेळा. आउटपुटला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि चारशेच्या वर जाऊ नये म्हणून शंभर-शंभर व्होल्टचे चार झेनर, म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या वरचं कापणारे डायोड, ओळीने.

सुरुवात मोजण्यापासूनच करावी लागली. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. घरातल्या वायरिंगला तो न लावल्यासारखा असतो, पण ४०० व्होल्टला तो ४० मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणजे १६ मिलिवॉट. इतक्या छोट्या सप्लायला नळीपेक्षा मीटरच जड. म्हणून १० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडले, त्यांच्या टोकाला मीटर, आणि दिसेल त्या आकड्याला ११ ने गुणायचं. एकच मोठा रेझिस्टर घेण्यापेक्षा दहा घेतले की प्रत्येकावर छत्तीसेक व्होल्टच येतात आणि कुणावर ताण पडत नाही. ही साखळी करायला काही रुपये लागतात, आणि ती नसेल तर पुढचं सगळं निदान वाळूवर उभं राहतं. सेलच्या २.४ व्होल्टवर थेट मीटरने १९० दाखवत होतं, साखळीतून २९०.

हा २९० चा आकडा पाहून मला खरी काळजी वाटली. दोनशेला नळी गप्प बसली असती आणि बिघाड सगळ्यांना कळला असता. २९० ला ती अर्धवट बोलते. नव्या सेलवर, म्हणजे ३.२ व्होल्टवर, साखळीतून ३७० च्या आसपास येत होते. म्हणजे नवे सेल घालून तपासलं तर यंत्र बरोबर, आणि महिन्याभराने तेच यंत्र खोटं.

भाच्याने आधीच एक उपाय करून पाहिला होता. मॉस्फेटला सेकंदाला २००० ऐवजी ४००० पल्स. पल्स दुप्पट म्हणजे पॉवर दुप्पट, हा हिशोब कागदावर बरोबर आहे. मिळाले किती? २९० चे ३००. पॉवर दुप्पट होऊन फक्त १० व्होल्ट वाढत असतील, तर अडचण पॉवरची नाही, वर कुठेतरी छत आहे. तो या निकालाने हिरमुसला होता, पण मला सगळ्यात जास्त माहिती त्याच प्रयोगाने दिली.

ते छत कसलं हे प्रत्येक पल्सच्या ऊर्जेत बघायचं. मॉस्फेट उघडला की प्रायमरीतला करंट चढू लागतो, आणि किती वेगाने चढेल ते इनपुट व्होल्टेज भागिले इंडक्टन्स यावर ठरतं. ५ व्होल्टला ५ मायक्रोसेकंदांत सव्वा अँपिअर. २.४ व्होल्टला तेवढ्याच वेळात फार तर ०.६. साठणारी ऊर्जा मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट निम्म्याहून कमी झाला की ऊर्जा चौथ्या हिश्श्याच्या खाली जाते : १५.६ मायक्रोज्यूलवरून ३.६ वर.

आता ही ऊर्जा सेकंडरीत जाते तेव्हा आउटपुटच्या कपॅसिटरपर्यंत पोचण्याआधी तिला एक कर भरावा लागतो. सेकंडरीच्या वेढ्यांचाच आपापसांत कपॅसिटन्स असतो, त्यात डायोडचा मिळतो. ते सगळं दर पल्सला शून्यापासून ४०० व्होल्टपर्यंत भरल्याशिवाय डायोड उघडतच नाही. हा कपॅसिटन्स ६० पिकोफॅरड धरला तर ४०० व्होल्टला त्याची भूक ४.८ मायक्रोज्यूल. हातात आहेत ३.६. विहिरीतून पाणी काढायचा पोहरा इतका लहान की वर येईपर्यंत सगळं पाणी त्याच्याच अंगाला लागून राहावं. मग रहाट कितीही भरभर फिरवा, हौद भरत नाही.

६० हा आकडा मोजता येतो, आणि तोही हाय व्होल्टेजला हात न लावता. स्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब सेकंडरीवर लावायचा मोह टाळावा. पुष्कळ प्रोब तेवढ्या व्होल्टेजचे नसतात, आणि प्रोबचे स्वतःचे दहा-पंधरा पिकोफॅरड तिथे जाऊन बसले की आपण मोजतोय तेच बदलतं. प्रोब प्रायमरीवर, मॉस्फेटच्या ड्रेनला, म्हणजे त्याच्या प्रायमरीला जोडलेल्या पायाला, लावायचा. सेकंडरीवर जे घडतं त्याचा विसावा भाग तिथे जसाच्या तसा दिसतो, फक्त सप्लायच्या व्होल्टेजवर उभा राहून. ऊर्जा संपली की पडद्यावर विझत जाणाऱ्या लहरी उमटतात. तो सेकंडरीचा इंडक्टन्स आणि तिचा कपॅसिटन्स यांचा झोका. आमच्याकडे त्याची फ्रिक्वेन्सी २३० किलोहर्ट्झ आली. सेकंडरी ८ मिलिहेन्री. त्यावरून कपॅसिटन्स ६० पिकोफॅरड निघतो. मग भाच्याने स्वतः कागद ओढून ऊर्जा, कपॅसिटन्स, छत असा हिशोब मांडला, आणि तो थोडा जास्त आला. "मामा, ३.६ मायक्रोज्यूल असतील तर छत साडेतीनशेच्या जवळ येतंय. आपल्याकडे तर तीनशेला अडकलंय."

बरोबर. म्हणजे ०.६ अँपिअरसुद्धा मिळत नव्हता. मॉस्फेटच्या सोर्समध्ये, म्हणजे करंट बाहेर पडतो त्या पायात, ०.१ ओहमचा रेझिस्टर टाकून करंटचा आकार पाहिला. हा आकार पाहायची सवय ज्याने लावून घेतली त्याचं निम्मं काम होतं. करंटची रेष सरळ चढायला हवी. शेवटी ती वर उसळली तर कोअर भरला, म्हणजे सॅच्युरेट झाला. चढता चढता खाली वाकली तर वाटेत कुठेतरी रेझिस्टन्स आहे. आमची रेष खाली वाकत होती आणि ०.५४ अँपिअरला संपत होती.

रेझिस्टन्स कुठे, हे शोधायला प्रोब इनपुटच्या कपॅसिटरवर नेला. पल्स नसताना २.४ व्होल्ट, आणि पल्सच्या शेवटी १.९. तिथे ४७ मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर होता. आकडा पुरेसा वाटतो, पण अशा कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स सहज एक ओहम असतो. त्यामागे सेलच्या डबीच्या स्प्रिंगा आणि हातभर बारीक वायरी, म्हणजे सेलकडूनही झटकन मदत येण्याची सोय नाही. पाच व्होल्टच्या सप्लायवर अर्धा व्होल्ट पडला तर दहावा हिस्सा जातो, कुणाचं लक्ष जात नाही. २.४ मधून अर्धा गेला की पाचवा हिस्सा जातो, आणि वर्गाच्या हिशोबाने ऊर्जेचा त्याहून मोठा लचका तुटतो. कमी व्होल्टेजवरच्या सर्किटमध्ये ओहमचा दहावा भागसुद्धा मोजून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

भाच्याला आता उत्तर सापडल्यासारखं झालं होतं. त्याने तिथल्या तिथे प्रोग्राम बदलून पल्स ५ चा १० मायक्रोसेकंद केला. साखळीतला आकडा ४०० वर जाऊन झेनरला टेकला, आणि मग पडदा रिकामा होऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा चढलं, पुन्हा तसंच. कारण हाताशीच होतं : करंट आता ०.९ अँपिअरपर्यंत जात होता, त्याच कपॅसिटरवर ०.९ व्होल्ट पडत होते, आणि मायक्रोकंट्रोलरला क्षणभर दीडच व्होल्ट मिळत होते. १.८ च्या खाली गेलं की तो स्वतःला रीसेट करतो.

म्हणून तपकीर गल्लीत गेलो. पावसाळ्यात बुधवार पेठेत शिरायचं म्हणजे छत्र्यांच्या काड्या चुकवत चालायचं, पण ज्याला सर्किट जोडायचं आहे त्याला पुण्यात ती गल्ली चुकत नाही. ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेला, कपॅसिटर घेतला, त्याच्या जोडीला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेटच्या अगदी अंगाला लावले. वायरी जाड आणि आखूड केल्या. मायक्रोकंट्रोलरला वेगळी वाट दिली : १० ओहम आणि पुढे १०० मायक्रोफॅरड, म्हणजे प्रायमरीच्या झटक्यांचं त्याला काही कळत नाही. रीसेट होणं थांबलं, आणि करंटची रेष पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली.

राहिला होता मॉस्फेट. वापरलेला आयआरएलझेड४४एन हा लॉजिक लेव्हल, म्हणजे चिपच्या पिनवरून थेट उघडणारा, म्हणून विकला जातो आणि ५ व्होल्टवर उत्तमच चालतो. पण त्याचा उघडण्याचा उंबरठा १ ते २ व्होल्टच्या मध्ये कुठेही असू शकतो. सेल उतरून एकंदर २ व्होल्ट उरले की एखादा नग नीट उघडेल, त्याच पाकिटातला दुसरा अडेल. आम्ही बेंच सप्लाय २ व्होल्टपर्यंत उतरवला तेव्हा ड्रेन शून्याजवळ बसायच्या ऐवजी वर उचललेला दिसला. म्हणजे आधीच कमी असलेल्या व्होल्टेजमधला मोठा वाटा मॉस्फेटच खात होता. शिवाय हा पन्नासेक अँपिअरचा गडी, त्याचं गेट, म्हणजे त्याला उघडझाप करायला लावणारा पाय, भरायला आणि रिकामं करायला मायक्रोकंट्रोलरची नाजूक पिन पुरत नाही. तो सावकाश बंद होतो, आणि फ्लायबॅकमध्ये सावकाश बंद होणं म्हणजे साठवलेली ऊर्जा स्वतःच्याच अंगात जाळणं. डेटाशीट वाचताना उंबरठ्याचा आकडा पाहून भुलू नये. २.५ व्होल्ट गेटला रेझिस्टन्स किती याची हमी जिथे लिहिली आहे तोच मॉस्फेट घ्यावा. एओ३४०० तसा आहे. तो ३० व्होल्टचाच, आणि चारशेच्या सप्लायमध्ये ३० व्होल्टचा मॉस्फेट ऐकून भाचा दचकला. पण मॉस्फेटवर चारशे येतच नाहीत. वेढ्यांचं प्रमाण वीसास एक, म्हणजे ४०० चे २०, त्यात सेलचे व्होल्ट मिळवा, २३ च्या आसपास. त्यावरचा झटका कापायला ड्रेनवर २७ व्होल्टचा झेनर लावला.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ते ६० पिकोफॅरड मला सलत होते, आणि खरं सांगायचं तर ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळणं हे या सगळ्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे. जुनी सेकंडरी या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, अशी थरावर थर गुंडाळलेली होती. तशा गुंडाळण्यात पहिल्या थराचा पहिला वेढा आणि दुसऱ्या थराचा शेवटचा वेढा शेजारी येतात, त्यांच्यात सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं, आणि तिथेच कपॅसिटन्स बोचतो. तार गुंडाळायच्या रिळावर, म्हणजे बॉबिनवर, मध्ये पुठ्ठ्याची पडदी बसवून तिचे दोन कप्पे केले, आधी एक कप्पा भरला, मग दुसरा, आणि थरांमध्ये पिवळ्या पॉलिएस्टर टेपची घडी. तार ४२ गेजची, डोक्याच्या केसाइतकी. फार ओढली तर तुटते, सैल सोडली तर ढिगारा होतो. पुठ्ठ्याला आणि वरून सगळ्याला वॉर्निश दिलं. लहरींची फ्रिक्वेन्सी २३० वरून ३२० किलोहर्ट्झवर गेली, म्हणजे कपॅसिटन्स ६० वरून ३१ पिकोफॅरडवर आला, आणि दर पल्सचा कर ४.८ वरून अडीच मायक्रोज्यूलवर.

पल्सची लांबी कायमची १० मायक्रोसेकंद ठेवणंही बरोबर नव्हतं. नव्या सेलवर करंट उगीच जास्त चढला असता आणि उतरलेल्यावर पुन्हा कमी पडला असता. एटमेगामध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो, त्यावरून तो स्वतःचं सप्लाय व्होल्टेज मोजू शकतो. मग २४ ला त्या व्होल्टेजने भागायचं, आली मायक्रोसेकंदांतली लांबी. ३.२ व्होल्टला साडेसात, २.४ ला दहा, २ ला बारा. या तिन्ही ठिकाणी करंट १.१ अँपिअरच्या आसपास राहिला, ऊर्जा बारा मायक्रोज्यूलच्या वर. एक काळजी मात्र घ्यावी : तो १.१ व्होल्ट दर चिपमध्ये १.० ते १.२ पर्यंत कुठेही असू शकतो, म्हणून एकदा मीटरने पडताळून आपल्या चिपचा खरा आकडा प्रोग्राममध्ये लिहावा.

आउटपुटचे चार झेनर काढले. त्याऐवजी १०० मेगाओहमची वेगळी साखळी आणि तळाला २२० किलोओहम, तिथले ०.८८ व्होल्ट मायक्रोकंट्रोलर वाचतो आणि चारशे भरले की पल्स थांबवतो. आता सेकंदाला दोनशेच्या आसपास पल्समध्ये भागतं. इतका मोठा रेझिस्टन्स वापरायचा तर बोर्ड स्वच्छ हवा. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा थर आणि पुण्याची जुलैची हवा मिळून बोर्डावरून करंट गळू लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून धुतला, वाळवला, वॉर्निश दिलं. आणि प्रत्येक वेळी हात लावण्याआधी आउटपुटचा कपॅसिटर १ मेगाओहममधून रिकामा करायचा, ही शिस्त पहिल्या दिवसापासून. त्यात एक मिलिज्यूलसुद्धा नसतो, पण दचकून हात मागे ओढताना टेबलावरचं काय काय पडेल ते सांगता येत नाही.

खरी परीक्षा व्होल्टेजची नाही, मोजणीची घ्यायची होती. एसबीएम-२० आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गात मिनिटाला साधारण वीसेक टक देते. एका मिनिटाच्या मोजणीवरून काहीच ठरवता येत नाही, कारण किरणोत्सर्ग मुळातच बेभरवशाच्या अंतराने येतो. दहा मिनिटं मोजलं की दोनशेच्या जवळ आकडा येतो, आणि त्यात चौदाचा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. म्हणून जुन्या पेट्रोमॅक्स बत्तीचं थोरियमचं मँटल प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवून नळीसमोर ठेवलं. आकडा मोठा झाला की योगायोगाचा वाटा लहान होतो. सप्लाय ३.२ वरून पायरीपायरीने २ पर्यंत आणला. प्रत्येक पायरीला दहा मिनिटं. आकडे एकमेकांच्या त्या योगायोगाच्या अंतरातच राहिले. जुन्या सर्किटवर २.४ ला हीच मोजणी ढासळली होती.

भाच्याने स्वतःहून एक ओळ प्रोग्राममध्ये घातली. नळीवरचं व्होल्टेज ३७० च्या खाली गेलं तर पडद्यावर आकडा दिसतच नाही, 'सेल बदला' एवढंच येतं. सध्या त्याने आत चार्जिंगचे निकेल सेल घातलेत, दोन्ही मिळून २.४ व्होल्टचे, म्हणजे यंत्र जिथे आधी खोटं बोलत होतं तिथेच आता बहुतेक वेळ चालतं. आता त्याला हेच सगळं एका सेलवर करायचंय. १.२ व्होल्टवर मायक्रोकंट्रोलरच उठत नाही, त्यामुळे आधी त्याच्यासाठी वेगळा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवणारं सर्किट, लागेल. त्याच्या इंडक्टरसाठी कोअर शोधायला त्याने माझा भंगाराचा डबा घरी नेला आहे.